ऋत्विक घटक : कॅमेरा कुणाच्या हाती?

पुण्यात आम्ही कायद्याचे शिक्षण घेत होतो, तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज सायकलने जात असू. त्या रस्त्यावर एक मोठे फाटक आहे. आत जुन्या प्रभात स्टुडिओची जागा आणि त्या जागेवर केंद्र सरकारची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. वर्षानुवर्षे त्या फाटकासमोरून गेलो, पण आत एकदाही गेलो नाही. कुणी अडवले नव्हते. आत आपलेही काही काम असू शकते, हे आम्हाला आणि वसतिगृहातल्या आमच्या मित्रांना कधी सुचलेच नाही. वस्तीतून शिकायला निघालेल्या मुलाने मास्तर व्हावे, वकील व्हावे, साहेब व्हावे, एवढाच हिशेब ठरलेला होता. त्या फाटकाच्या आत एकेकाळी एक माणूस शिकवत होता आणि त्याने जातिव्यवस्थेचे पुरते वस्त्रहरण करणारा चित्रपट काढला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्या माणसाचे नाव ऋत्विक घटक. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या कलेबद्दल, त्यांच्या दारूबद्दल आणि त्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल आजवर भरपूर लिहून झाले आहे. आम्हाला त्यांचे चरित्र आंबेडकरी चळवळीच्या बाजूने पाहायचे आहे. कारण या चरित्रातून जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्या घरातल्या मुलामुलींचा आहे.

घटकांचा जन्म १९२५ चा, ढाक्याचा. वडील सुरेशचंद्र घटक जिल्हा दंडाधिकारी होते. थोरले भाऊ मनीष घटक नामांकित लेखक, आणि आदिवासींच्या बाजूने आयुष्यभर लेखणी झिजवणाऱ्या महाश्वेतादेवी या मनीष घटकांच्या कन्या. म्हणजे घर सवर्ण, सुशिक्षित, सुस्थितीतले. अशा घरातल्या तरुणाला चाकोरीतली नोकरी सहज मिळाली असती. परंतु १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्याने डोळ्यांनी पाहिला. भाताच्या पेजेसाठी रस्त्यावर मरणारी माणसे पाहिली. त्या पाठोपाठ १९४७ ची फाळणी आली आणि ज्या पद्मा नदीच्या काठी बालपण गेले, ती नदीच परदेशी झाली. हे दोन घाव त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाहीत.

बंगालच्या फाळणीचा आपल्या चळवळीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांची वाट अडवली गेली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमोशूद्र समाजाच्या बळावर ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. फाळणीने ते सदस्यत्व संपवले आणि १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. ज्या पूर्व बंगालच्या शूद्रातिशूद्रांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पोहोचवले, त्याच समाजाची फाळणीने पुढे दाणादाण केली. घटकांच्या चित्रपटातले निर्वासित ज्या वाटेने आले, त्याच वाटेवर ही माणसेही होती.

घटक आधी नाटकाकडे वळले. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इप्टा या जननाट्य चळवळीत त्यांनी नाटके लिहिली, बसवली, भूमिका केल्या. आपल्याकडे अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख यांचेही नाते याच चळवळीशी होते. फाळणीवरचे त्यांचे 'दलिल' हे नाटक गाजले. पण संस्कृतीच्या कामाबाबत त्यांनी आपल्याच पक्षाला लेखी खडे बोल सुनावले आणि १९५५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने त्यांना काढून टाकले. पक्ष गेला तरी त्यांनी बाजू बदलली नाही. शोषितांचा पक्ष म्हणवणाऱ्यांनाही प्रश्न विचारलेला चालत नाही, हा अनुभव आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही.

चित्रपटाकडे ते का आले, तर नाटक हजारांपर्यंत जाते आणि चित्रपट लाखांपर्यंत, एवढाच त्यांचा व्यवहारी हिशेब होता. पहिला चित्रपट 'नागरिक' १९५२ मध्ये पूर्ण झाला, पण तो पडद्यावर आला १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर! पोटासाठी ते काही काळ मुंबईत पटकथा लिहीत होते. १९५८ चा 'मधुमती' आपल्या आईवडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतला, त्याची कथा घटकांची. त्याच वर्षी त्यांचा 'अजांत्रिक' आला. १९६० चा 'मेघे ढाका तारा' हा निर्वासित कुटुंबाला पोसता पोसता क्षयाने खंगणाऱ्या नीताचा चित्रपट तेवढा चालला. १९६१ चा 'कोमल गांधार' पडला आणि कर्ज डोक्यावर बसले.

आता 'सुवर्णरेखा'कडे येऊ. हा चित्रपट १९६२ मध्ये तयार झाला आणि १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. निर्वासितांची एक वसाहत आहे. सगळेच घरदार गमावलेले. तिथे आपल्या लहान मुलाला घेऊन एक बागदी बाई आसरा मागायला येते. बागदी ही पश्चिम बंगालमधील अनुसूचित जात. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, ते लोक त्या बाईला घ्यायचे की नाही यावर वाद घालत बसतात. तेवढ्यात जमीनदाराची माणसे तिला दांडगाईने उचलून नेतात आणि पोरगा मागे राहतो. त्या अभिरामला ईश्वर नावाचा भला गृहस्थ आपल्या धाकट्या बहिणीबरोबर, सीतेबरोबर वाढवतो. दोघे मोठे होतात, एकमेकांवर प्रेम करतात. आणि एके दिवशी रेल्वे स्थानकावर मरणाच्या दारी पडलेली एक बाई अभिरामची आई निघते. मुलाची जात उघडी पडते. ईश्वरचा मालक सनातनी वळणाचा, हाताशी आलेली भागीदारी जाण्याची भीती! ज्याने मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवले, तोच ईश्वर त्याला घराबाहेरची वाट दाखवतो. सीता घरातून निघून अभिरामशी लग्न करते. पुढे कलकत्त्यात अभिराम बसचालक होतो, अपघातात त्याच्या गाडीखाली मूल सापडते आणि जमाव त्याला ठार मारतो. उपाशी सीतेवर शरीर विकण्याची वेळ येते. दारू पिऊन तिच्या दारात आलेला पहिला गिऱ्हाईक तिचा सख्खा भाऊ ईश्वर असतो. ती स्वतःचा जीव घेते.

वकिली करताना आम्ही आंतरजातीय विवाहाची प्रकरणे हाताळली आहेत. मुलीचा बाप, भाऊ पुष्कळदा वाईट नसतो. शिकलेला असतो, समतेवर भाषणही करतो. पण जात पुढे आली की त्याच्यातला ईश्वर जागा होतो. 'सुवर्णरेखा'त कुणी खलनायक नाही, जात आहे. सर्वस्व गमावलेला माणूसही जात तेवढी बोचक्यात बांधून आणतो, हे घटकांनी दाखवले. देशाची फाळणी १९४७ ची. माणसामाणसांतली फाळणी त्याआधी हजारो वर्षांची, हे त्यांच्या कॅमेऱ्याने नोंदवून ठेवले आहे.

हा चित्रपट प्रदर्शित झाला, त्याच सुमारास घटक पुण्यात आले. संस्थेचा थोडा इतिहास सांगायला हवा. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. याच जागेत तिने संत एकनाथांवर अस्पृश्यताविरोधी चित्रपट केला. त्याचे 'महात्मा' हे नाव सरकारी परीक्षकांना चालले नाही, म्हणून १९३५ मध्ये तो 'धर्मात्मा' नावाने दाखवावा लागला. पुढे प्रभात बंद पडली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली होती, तिच्या आधारे १९६० मध्ये केंद्र सरकारने प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट काढली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण तिला जोडले गेले आणि आजचे नाव मिळाले. या घटनेचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. तोवर हा धंदा बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे जात होता. म्हणजे जातीसारखाच. जनतेच्या पैशातून शाळा निघाली आणि निदान कागदावर तरी ज्याचा कुणी मामा मुंबईत नाही, त्यालाही कॅमेरा हाताळण्याचा हक्क मिळाला.

घटक तिथे अध्यापक आणि उपप्राचार्य होते. मुक्काम फार थोडा. पण पुढे भारतीय चित्रपटाला वळण देणारे मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. संस्थेच्या आवारात आंब्याचे एक झाड आहे, विद्यार्थी त्याला ज्ञानवृक्ष मानतात. त्याच्याखाली बसून घटक शिकवीत, ही तिथली परंपरागत आठवण. यातल्या जॉन अब्राहम यांनी केरळात ओडेसा नावाची मंडळी जमवून गावोगाव लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा चित्रपट काढला. लोकवर्गणीतून जयंती करणाऱ्या, विहार बांधणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

पुण्यानंतरचे आयुष्य पडझडीचे आहे. दारूने शरीर आणि मन दोन्ही पोखरले. १९६९ मध्ये मनोरुग्णालयात असताना त्यांनी तिथल्या रुग्णांना घेऊन नाटक बसवले. १९७० मध्ये सरकारने पद्मश्री दिली. आम्ही व्यसनाचे उदात्तीकरण करणार नाही. पंचशील मानणाऱ्याने ते करूही नये. दारूने एक मोठा कलावंत अकाली संपवला, एवढेच सत्य आहे.

तरीही त्यांनी १९७३ मध्ये बांगलादेशात जाऊन 'तितास एकटि नदीर नाम' पूर्ण केला. ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, तिचे लेखक अद्वैत मल्लबर्मन. हे नाव आंबेडकरी वाचकांनी पाठ करावे. १९१४ मध्ये तितास नदीकाठच्या मालो या मासेमार समाजात त्यांचा जन्म झाला. मालोही पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात. समाजातल्या गरीब कोळ्यांनी पैसे गोळा करून या मुलाला शिकवले. त्याने आपल्या समाजाची कादंबरी लिहिली. हस्तलिखित हरवले, त्याने ती पुन्हा लिहून काढली. १९५१ मध्ये क्षयाने तो गेला आणि पुस्तक १९५६ मध्ये, त्याच्या माघारी निघाले. त्याच पुस्तकावर चित्रपट करताना घटकांनाही क्षयाने गाठले. एक शेवटचा चित्रपट करून ६ फेब्रुवारी १९७६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५०.

घटकांचे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु व्यक्तिपूजा आम्हाला बाबासाहेबांनी शिकवलेली नाही, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. घटकांच्या बहुतेक चित्रपटांतले निर्वासित भद्रलोक आहेत. उशिरा आलेल्या नमोशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात धाडण्यात आले. त्यातले जे परत येऊन सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर वसले, त्यांना १९७९ मध्ये तिथल्या डाव्या सरकारने पोलिसी बळाने उखडले. घटक तेव्हा हयात नव्हते, हा त्यांचा दोष नाही. पण मरीचझापीचा 'सुवर्णरेखा' कुणी काढला? अभिराम बागदीची कथा सवर्ण घरातल्या दिग्दर्शकाला सांगावी लागली. मल्लबर्मनने लेखणी हाती घेतली, कॅमेरा मात्र त्याच्या समाजापर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्याकडे पोहोचला, तो नागराज मंजुळे यांच्या रूपाने. 'फँड्री' २०१३ मध्ये आणि 'सैराट' २०१६ मध्ये आला. 'सैराट'चा शेवट पाहताना आम्हाला सीता आणि अभिराम आठवले. फरक इतकाच, की या वेळी कथा आतून सांगितली गेली होती. मंजुळे मात्र पुण्याच्या त्या फाटकातून आलेले नाहीत, ते अहमदनगरच्या महाविद्यालयातून शिकून आले. याचा अर्थ त्या संस्थेची गरज नाही असा नव्हे. सगळ्यांनाच आडवाटेने यावे लागू नये, असा आहे.

ती केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी राखीव जागा आहेत. २०१५ मध्ये अध्यक्षांच्या नियुक्तीविरुद्ध तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तो दुसऱ्यांचा संप म्हणून वाचला. तिथली फी, तिथला अभ्यासक्रम, तिथले अध्यापक हा आपलाही प्रश्न आहे, कारण ती संस्था आपल्याही कराच्या पैशावर चालते. वकील म्हणून आम्ही एवढे सांगू शकतो, की जो हक्क कुणी मागायला जात नाही, तो हळूहळू कागदावरच मरतो.

ज्या समाजाने जलशाच्या फडातून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यात नेला, त्या समाजाला कथा सांगणे शिकवावे लागणार नाही. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या वस्तीत डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा यांची मार्गदर्शन शिबिरे होतात. त्यात कॅमेरा, संकलन, ध्वनी, पटकथा या शिक्षणाची माहिती देणारा एक तास ठेवा. पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी बाहेरगावच्या मुलांना प्रवेश परीक्षेसाठी उतरायला जागा द्यावी. मालो कोळ्यांनी पैसा पैसा जमवून एक मल्लबर्मन घडवला, आपण त्यांच्यापेक्षा निश्चितच बऱ्या स्थितीत आहोत. आम्ही त्या फाटकासमोरून सायकलने निघून गेलो. आमच्या मुलांनी तिथे उतरावे आणि आत जावे.

जयभीम!