विद्यार्थ्यांचे छत्र

राजर्षी शाहू छत्रपती यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. ते अगदी लहान असतानाच त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे दोनच वर्षांनी त्यांचे पितृछत्रही हरपले. राजवैभवात राहूनही पोरकेपणाचे दुःख त्यांनी बालपणीच अनुभवले.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या काळी वरचे शिक्षण शहरातच मिळे. खेड्यातील शेतकऱ्याचा हुशार मुलगा मोठ्या आशेने कोल्हापुरास येई. पण राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही. शहरात ना कोणी नातलग, ना गाठीला पैसा! ज्यांना समाज अस्पृश्य मानी, त्यांना तर कोणी ओसरीवरही थारा देत नसे. शाळेचे दार उघडे असूनही अशा कित्येक मुलांना विद्येला मुकावे लागे.

हे ओळखून महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. हेतू उदात्त होता. परंतु जातिभेदाची मुळे खोल होती. काही वर्षांतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. ज्यांना आधाराची अधिक गरज होती, ते बाहेरच राहिले.

महाराज खचले नाहीत. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवावे आणि दरबाराने त्यास जागा व पैसा पुरवावा, असा मार्ग त्यांनी काढला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचीही सोय झाली. १९०६ साली मुस्लिम, तर १९०७ साली लिंगायत वसतिगृह निघाले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. पुढे इतर समाजांचीही वसतिगृहे उभी राहिली आणि कोल्हापूर ‘वसतिगृहांची जननी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

वेगवेगळ्या वसतिगृहांमुळे भेद वाढेल, अशी शंका कोणासही यावी. पण महाराजांना जातिभेद टिकवायचा नव्हता. मागे राहिलेल्या मुलांना आधी शाळेपर्यंत आणायचे होते. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. निवारा वेगळा असला, तरी शाळा एक झाली.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एकाच पंगतीत जेवत. त्या वसतिगृहास पुढे शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. १८९६ साली कोल्हापुरात जे साधले नव्हते, ते साताऱ्यात महाराजांच्या नावाने साधले.