शाळा कोठे बांधावी? : कै. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र

गावात शाळा काढावयाचे ठरले म्हणजे पंचांपुढे दोन प्रश्न हटकून उभे राहतात. पैसा कोठून आणावा हा एक, आणि शाळा कोठे बांधावी हा दुसरा. पैशाविषयी पुष्कळ वाद होतो. जागेचा निकाल मात्र बहुधा ज्यांचा शब्द चालतो त्यांच्या दाराशी लागतो. ह्या दोन्ही प्रश्नांचा निराळ्या रीतीने विचार करणारे कै. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

शिंदे ह्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका मराठा घराण्यात झाला. वडील वारकरी पंथाचे होते. १८९८ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढे वकिलीची वाट सोडून ते प्रार्थनासमाजाच्या सेवेकडे वळले, आणि १९०१ पासून १९०३ पर्यंत त्यांनी ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास केला. ते बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती नव्हते व त्यांची सर्वच मते आपली नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि आपला शेजारी कोण, हे त्याच्या पंथावरून नव्हे तर त्याने केलेल्या दयेवरून ओळखावे, असे प्रभूने शोमरोन्याच्या दृष्टांतात आपणांस शिकविले आहे.

परत आल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले. १९०५ साली अहमदनगरजवळील भिंगार येथे महार बांधवांनी भरविलेल्या सभेस ते गेले होते. शिक्षणाविषयी त्या लोकांची तळमळ पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले, व आपले आयुष्य ह्या कामास द्यावयाचे असा त्यांचा निश्चय झाला.

आता काम कोठे आरंभावे? लोअर परळ व परळ हा त्या काळी गिरण्यांचा मुलूख होता. पोटासाठी गाव सोडून आलेली कुटुंबे तेथे चाळींतून व झोपड्यांतून दाटीने राहत. गावची अस्पृश्यता गावी राहिली नव्हती; तीही त्यांच्याबरोबर मुंबईस आली होती. शिंदे ह्यांनी शाळेसाठी शहरातील मानाची आळी शोधली नाही. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, परळ येथे ग्लोब मिलजवळ मुरारजी वालजी ह्यांच्या बंगल्यात निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले आणि शेठ दामोदरदास सुखडवाला ह्यांनी १,००० रुपये दिले. मुले जेथे राहत होती, तेथे शाळा गेली. इतकेच नव्हे, तर शिंदे व त्यांच्या भगिनी जनाबाई ह्यांनी त्या कामास स्वतःला वाहून घेतले.

एक हजार रुपयांनी आरंभ होतो, पण शाळा चालत नाही. शिक्षकांचा पगार आणि मुलांच्या पाट्यापुस्तके ह्यांचा खर्च महिन्याच्या महिन्यास उभा राहतो. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने प्रथम बसून हिशेब करावा, हा प्रभूचा उपदेश आपण जाणतोच. शिंदे ह्यांनी हिशेब केला, परंतु पैसा पुरत नाही म्हणून मुलांस दारातून परत लाविले नाही. स्वतः दारोदार फिरून वर्गणी मागितली. पुढे पुण्यास भोकरवाडीत जागा मिळून मंडळीचा आश्रम उभा राहिला. त्यासाठी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर ह्यांनी २०,००० रुपये दिले, म्हणून त्यास अहिल्याश्रम हे नाव पडले.

१९२० साली पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा थोडा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरती असावी, मुलींचे मागाहून पाहू, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. शिंदे ह्यांनी मुलींचा पक्ष घेऊन लोकमत जागे केले व त्यासाठी विरोधही सोसला. पैसा कमी पडला की प्रथम कोणाचे नाव गाळले जाते, हे त्यांस ठाऊक होते. मुंबईच्या नगरपालिकेने १९२५ साली सक्तीचे शिक्षण लागू केले, तेव्हा आरंभ एफ व जी ह्या विभागांत, म्हणजे परळ-लोअर परळच्या कामगार वस्तीत केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९२३ च्या सुमारास त्यांनी मंडळीचा कारभार ज्यांच्यासाठी ती स्थापिली होती, त्यांच्याच पुढाऱ्यांच्या हाती जाऊ दिला. स्वतः उभारलेले काम हातातून सोडणे दान देण्याहून कठीण आहे. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, नगर जिल्ह्यातील मिशनांनी असल्या शाळा ह्यापूर्वीच काढिल्या होत्या, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाने आपली जबाबदारी मात्र वाढते, कारण आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे शाळेच्या पायरीखाली बसून शिकले. तेव्हा आपल्या गावात शाळेची जागा ठरेल, त्या दिवशी पंचांत बसलेल्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने एवढेच विचारावे : वस्तीच्या शेवटच्या झोपडीतील मुलगी पावसाळ्यात येथवर चालत येऊ शकेल काय? येऊ शकत नसेल, तर जागा फुकट मिळाली तरी ती महाग पडेल. आपला प्रभू दूर राहून आपणांस बोलावीत राहिला नाही. तो आपल्यामध्ये येऊन राहिला. त्याच्या लोकांनी बांधलेल्या शाळेनेही तसेच करावे.