डिस्लेक्सिया म्हणजे उलटी अक्षरे? डॉ. ऑर्टन यांचे काय चुकले, काय टिकले?

पनवेल : डिस्लेक्सिया म्हटले की अनेकांना ‘तारे जमीन पर’मधली (२००७) नाचणारी अक्षरे आठवतात. मुलाला अक्षरे उलटी दिसतात, हा समज मात्र चित्रपटाहून कितीतरी जुना आहे. तो रुजण्यामागे डॉ. सॅम्युअल ऑर्टन यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे. स्पीच थेरपी शिकणाऱ्यांनी त्यांचे काम आणि त्यांची चूक, दोन्ही समजून घ्यायला हवे.

कोण होते ऑर्टन?
जन्म १८७९, अमेरिकेतील ओहायो. मेंदू आणि मनोविकारांचे डॉक्टर. आयोवात मनोरुग्णालयाचे प्रमुख असताना १९२५ मध्ये त्यांनी ग्रामीण भागात फिरता दवाखाना नेला. तिथे १६ वर्षांचा एक मुलगा आला. बोलण्यात चुणचुणीत, पण वाचता येईना. बुद्ध्यांक चाचणीत तो मंद ठरला. ऑर्टन यांनी चाचणीवरच शंका घेतली आणि त्याच वर्षी शोधनिबंध लिहिला.

काय चुकले?
मेंदूच्या दोन भागांपैकी एकाचे वर्चस्व पक्के न झाल्याने अक्षरांची उलटापालट होते, असे त्यांनी मांडले. तोतरेपणाचे मूळही त्यांना तिथेच दिसले. पुढच्या संशोधनात हे टिकले नाही. बहुतेक मुलांची अडचण डोळ्यांत नसते. शब्दातले आवाज सुटे करणे आणि ते अक्षरांशी जोडणे त्यांना जड जाते. सुरुवातीला उलटी अक्षरे तर बरीच मुले लिहितात.

काय टिकले?
अक्षर पाहा, उच्चारा, बोटाने गिरवा, ही त्यांची दिशा. १९३० च्या दशकात ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी त्यातून शिकवण्याची पद्धत बांधली. १९३७ च्या पुस्तकात ऑर्टन यांनी वाचन, लेखन आणि वाचा यांचा एकत्र विचार केला. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

थेरपिस्टचा संबंध काय?
आवाज हे थेरपिस्टचेच क्षेत्र. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे ही अडचण वेळेत ओळखणे महत्त्वाचे. मुलाला ‘पनवेल’ म्हणायला सांगा, मग ‘प’ काढून. ‘नवेल’ म्हणताना ते वारंवार अडखळले, तर निदान लगेच होत नाही. पण नीट तपासणीची गरज कळते. अशा वेळी फक्त वहीतली उलटी अक्षरे मोजणारा थेरपिस्ट खरी अडचण पाहणारच नाही.