धुळ्याच्या तुरुंगातला ईस्टर रविवार



२७ मार्च १९३२ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. जगभरच्या चर्चमध्ये आलेलुया गायिले जात असताना आपल्या धुळ्याच्या तुरुंगात ३६ वर्षांचा एक कैदी आपल्या सोबत्यांना ध्यानाविषयी सांगत होता. त्याचे नाव विनायक नरहरी भावे. आपण त्यांना आचार्य विनोबा म्हणून ओळखतो.

त्या तुरुंगात दर रविवारी विनोबांचे गीतेवर प्रवचन होई. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. ध्यानाचा सहावा अध्याय ईस्टरच्या दिवशी आला, हा निव्वळ योगायोग. पण त्यामागचा प्रश्न आपलाही आहे. संकटात माणूस पिळून निघतो, तेव्हा ध्यान-प्रार्थना त्याला खरोखर उभे ठेवते का? घरात दीर्घ आजार, डोक्यावर कर्ज, हातची गेलेली नोकरी, अशा वेळी अनेकजण आम्हाला हेच विचारतात. म्हणून आज विनोबांच्या जीवनाकडे पाहू या.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक. भक्तीचे बाळकडू त्यांना आईकडूनच मिळाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी जून महिन्यात अहमदाबादला गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी. पहाटे उठणे, प्रार्थना, सूतकताई, शेतकाम, अध्ययन आणि मौन हा त्यांचा नेम झाला.

यातच आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर आहे. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. धुळ्याच्या तुरुंगात आले तेव्हा विनोबांच्या मागे सोळा वर्षांची साधना होती. तुरुंगाने त्यांना नवे बळ दिले नाही, साठवलेले बळ उघड केले. एका तुरुंगवासात त्यांना एकांतकोठडीत ठेवले. तिथेही त्यांनी दिवसाची आखणी केली. काही तास ध्यान, काही तास त्या इवल्याशा खोलीतच येरझाऱ्या. पुढे १९४० नंतरच्या दीर्घ कारावासात वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेच्या चार भाषा शिकले. सरकारने दार बंद केले, पण दिवस कसा जगायचा हे त्यांनी स्वतःच ठरवले.

त्या ईस्टरच्या प्रवचनात त्यांनी ध्यानाला तीन गोष्टींची जोड सांगितली. मनाची एकाग्रता, जीवनात मोजकेपणा आणि सर्वांकडे समान, मंगल दृष्टीने पाहणे. म्हणजे डोळे मिटून बसणे हा ध्यानाचा केवळ एक भाग. जिभेला आवर नाही, शेजाऱ्याविषयी मनात विष आहे, अशा माणसाने तासभर आसन घातले तरी मन थाऱ्यावर येणार नाही. आपल्या उपवासकाळाचे प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे तीन आधार आठवा. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले. विनोबांनीही नव्या करारातील निवडक वेचे घेऊन ख्रिस्तधर्म-सार हे पुस्तक तयार केले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला त्यांना भूदानाचे पहिले दान मिळाले. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ हा कृश देहाचा माणूस भारतभर पायी फिरला आणि भूमिहीनांसाठी लाखो एकर जमीन मागून घेतली. मात्र ध्यानाने माणूस अचूक होत नाही, हेही सांगायला हवे. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर कडक टीका झाली. अखेरच्या आजारात अन्न आणि औषध सोडून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला. तो मार्ग ख्रिस्तसभेचा नाही, पण त्यांच्या धीराविषयी आम्हाला आदर आहे.

इथेच लेख संपवला असता, तर तो सोपा झाला असता. पण धुळ्याच्या त्या प्रवचनांना आणखी एक माणूस बसलेला होता. विनोबांचे शब्द धावत्या हाताने तो उतरवून घेत होता, म्हणून आज ती प्रवचने आपल्याला वाचायला मिळतात. ते होते आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे लाडके शिक्षक, श्यामची आई लिहिणारे साने गुरुजी. प्रार्थनाशील, प्रेमळ, दुसऱ्याच्या दुःखाने रडणारे. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

दोघांचा तुरुंग एकच, प्रवचनेही तीच. मग गुरुजींची साधना कच्ची होती का? असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि कोणालाच नाही. मनाचा अतोनात क्लेश माणसाची जबाबदारी कमी करू शकतो आणि अशा जिवांच्या तारणाविषयी आशा सोडू नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

आपण प्रार्थनेला चिलखत समजतो, इथे आपली गल्लत होते. गेथशेमाने बागेकडे पाहा. प्रभू येशूपेक्षा अधिक प्रार्थना कोणी केली? तरी त्या रात्री त्याचा जीव व्याकूळ झाला. लूककृत शुभवर्तमानात देवदूत येऊन त्याला बळ देतो, पण घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतच राहतो. प्रार्थनेने त्याची वेदना मिटली नाही. वेदनेसह उठून पुढे जाण्याचे बळ मिळाले. आणि आणखी एक गोष्ट. देवाचा पुत्र असूनही त्याने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. ते झोपी गेले, हा दोष त्यांचा. सोबत मागणे हा प्रभूचा कमकुवतपणा नव्हता.

म्हणून आमचे दोन मुद्दे. पहिला, दिवस बरे आहेत तोवर विहीर खणा. रोज पंधरा मिनिटे, टीव्ही आणि मोबाईल बंद करून, शुभवर्तमानातील एक प्रसंग घेऊन प्रभूसमोर शांत बसा. मन भटकेल, त्याला रागावू नका, हळूच परत आणा.

दुसरा, प्रार्थना करूनही ज्याला झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्याला तुझा विश्वास कमी पडला असे कधीही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि असे वाटणारे तुम्ही स्वतः असाल, तर आजच कोणाला तरी सांगा. धर्मगुरूंच्या घराचे दार रात्रीही ठोठावता येते. आम्ही जागे राहू.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू