विश्लेषण : भिवपुरीची वीज, कामगारांचे पेन्शन… जमशेदजी टाटांची दूर पल्ल्याची गुंतवणूक काय शिकवते?

कर्जत लोकलने नेरळ सोडले की भिवपुरी रोड स्थानक येते. तिथून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिवपुरीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ पासून वीज तयार करत आहे. डोंगरावरच्या पाण्यापासून मुंबईसाठी वीज, या योजनेमागे उभे राहिलेले जमशेदजी टाटा मात्र त्याआधी १८ वर्षे, १९०४ मध्येच गेले होते. निवृत्तीसाठी पैसे कुठे ठेवावेत आणि किती काळ थांबावे, या प्रश्नाकडे त्यांच्या आयुष्यातून पाहता येते.

सट्ट्याचा फटका कसा बसला?

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयातून शिकून ते वडील नसरवानजींच्या व्यवसायात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशावर शेअरचा सट्टा रंगला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक बँका बुडाल्या. टाटांची पेढीही अडचणीत आली. देणी फेडण्यासाठी नसरवानजींना घर विकावे लागले. १८६८ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, जमशेदजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर नव्याने सुरुवात केली.

कामगारांना पेन्शन कधी मिळाले?

त्यांनी कापड गिरणीसाठी मुंबईऐवजी नागपूर निवडले. कापूस जवळ होता आणि रेल्वेही होती. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशात कामगार भरपाईचा कायदा १९२३ मध्ये, तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला.

पैसा कुठे गुंतवला?

सगळेच निर्णय यशस्वी ठरले नाहीत. जपानी कंपनीच्या साथीने सुरू केलेली जहाज वाहतूक दरयुद्धात बंद पडली. पण सारा पैसा एकाच ठिकाणी अडकलेला नव्हता. १८९२ मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती सुरू केली. परत आलेल्या रकमेतून पुढचे विद्यार्थी जात. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी मुंबईतील १४ इमारती आणि ४ जमिनी देऊ केल्या. ती संस्था १९०९ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली.

मावळात धरणे बांधून ते पाणी नळांतून घाटाखाली सोडायचे आणि त्यावर गिरण्यांसाठी वीज बनवायची, ही योजना त्यांच्या पश्चात मुलगा दोराबजींनी पुढे नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली. खोपोली केंद्र १९१५ मध्ये, तर ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावरचे भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. या विजेची किंमत मावळातील शेतकऱ्यांनीही मोजली. टाटांच्या पुढच्या धरणात जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला.

आजच्या नोकरदाराने काय घ्यावे?

जमशेदजींकडे भांडवल होते, पगारदाराकडे मात्र वेळ असतो. समजा, दरमहा २ हजार रुपये वार्षिक ८ टक्के परताव्याने ३० वर्षे गुंतवले. ७ लाख २० हजारांचे सुमारे २९ लाख ८० हजार होतात. तीच सुरुवात १० वर्षे उशिरा केली, तर हाती सुमारे ११ लाख ८० हजारच येतात.

नोकरी बदलताना पीएफ काढून घेतला की ही साखळी तुटते. तो नव्या खात्यात वळवता येतो. पीपीएफची मुदत १५ वर्षांची आहे. एनपीएस मुळात निवृत्तीसाठी असून २००९ पासून सर्वसामान्यांनाही खुली आहे. मात्र अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवावा. तो नसेल तर दूरची गुंतवणूक नको त्या वेळी मोडावी लागते. १८६५ मध्ये नसरवानजींना घर विकावे लागले, ते देणी अचानक समोर उभी राहिल्यामुळेच.