कल्याणचे शरण हरळय्या

संत रोहिदासांच्या पुण्यचरित्राशी आपला समाज चांगला परिचित आहे आणि ते योग्यच आहे. परंतु लातूर व नांदेड जिल्ह्यांतील आपल्या चर्मकार कुटुंबांना ज्या थोर पुरुषाची कर्मभूमी शेजारच्या गावाइतकी जवळ आहे, त्या शरण हरळय्यांचे चरित्र आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. नाव पुष्कळांना ठाऊक असते. त्यापुढे बहुधा एकच कथा, तीही अर्धी. ही उणीव काही अंशी तरी भरून निघावी म्हणून प्रस्तुत लेखाचा हा अल्प प्रयत्न आहे.

चरित्रनायकांची कर्मभूमी म्हणजे कल्याण. हे मुंबईजवळचे कल्याण नव्हे. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ते हेच. आज आपण तेथे जातो तेव्हा परप्रांतात गेल्यासारखे वाटते, परंतु ही सीमारेषा फार जुनी नाही. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तिन्ही तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले आणि 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात आले. कल्याण मात्र तत्कालीन म्हैसूर राज्यात राहिले. या मुलखात कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात, आणि कातड्याचा धंदा करणाऱ्यांची सोयरीक तर सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही आहे.

बाराव्या शतकातील कल्याण ही उत्तरकालीन चालुक्यांची वैभवशाली राजधानी होती. सहावा विक्रमादित्य येथे 1076 पासून 1126 पर्यंत राज्य करीत होता. त्याच्याच आश्रयाने विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका लिहिली. कोणी कोणाशी विवाह करावा आणि कोणाच्या वाट्यास कोणते कर्म यावे, याचे निर्णय पुढे कित्येक शतके ज्या ग्रंथाच्या आधारे दिले गेले, तो ग्रंथ या नगरीत सिद्ध झाला. आणि त्याच नगरीत काही दशकांनी एका चर्मकाराच्या पुत्राचा विवाह ब्राह्मणकन्येशी लागला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे चालुक्यांची सत्ता क्षीण झाली आणि 1157 च्या सुमारास कलचुरी बिज्जलाने सिंहासन बळकावले. हा बिज्जल पूर्वी मंगळवेढ्याचा मांडलिक. महात्मा बसवेश्वर त्याचे भांडारी होते. राज्याच्या तिजोरीचा कारभार पाहणाऱ्या या पुरुषाने जातिभेद झुगारणाऱ्या शरणांचा मेळा कल्याणात जमविला. त्यात न्हावी होते, परीट होते, नावाडी होते, कातडी कमावणारे कक्कय्या होते, आणि जोडे करणारे समगार हरळय्याही होते. कन्नड भाषेत चर्मकारास समगार म्हणतात.

शरणांच्या शिकवणीत कायक हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पोटासाठी केलेले प्रामाणिक श्रम हीच पूजा, आणि त्या श्रमांतून मिळालेले इतरांसह वाटून खाणे हा दासोह, असा त्याचा थोडक्यात आशय. हरळय्या व त्यांच्या धर्मपत्नी कल्याणम्मा या उभयतांनी हा धर्म आपल्या कुंडीजवळ बसून आचरला. दीक्षा घेतल्यावर त्यांनी धंदा सोडला नाही. गळ्यात इष्टलिंग आणि हातात रापी, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

त्यांच्या जीवनातील सर्वश्रुत प्रसंग असा. एके दिवशी वाटेत बसवेश्वरांची भेट झाली. हरळय्यांनी त्यांस शरण म्हणून वंदन केले. बसवेश्वरांनी त्या एका वंदनाच्या उत्तरादाखल दोन वेळा वंदन केले. राजाच्या भांडाऱ्याने आपणास दुप्पट मान द्यावा, हे हरळय्यांच्या मनास ऋणासारखे लागून राहिले. घरी येऊन त्यांनी ही व्यथा पत्नीस सांगितली. तेव्हा उभयतांनी निश्चय केला, की आपल्याजवळ धन नाही, विद्या नाही. देह आहे आणि हातांत कला आहे. पतीने उजव्या मांडीचे व पत्नीने डाव्या मांडीचे कातडे काढले आणि त्यांचा एक जोड सिद्ध करून ती दोघे बसवेश्वरांच्या दारी गेली. बसवेश्वरांनी तो जोड पायांत न घालता मस्तकी धरला. हा परमेश्वराच्याच चरणी शोभेल, आपली ती योग्यता नव्हे, असे नम्रपणे सांगून त्यांनी तो हरळय्यांना परत केला.

येथे आमच्यासारख्या कातड्याच्या घरात वाढलेल्या माणसास थोडे थांबावेसे वाटते. ज्यांनी ही कथा लिहून ठेवली त्यांनी रापी कधी हाती धरली नसावी, कारण देहावरून निघालेले कातडे आणि पायांत घालावयाचे कातडे यांच्यामध्ये जे दिवस जातात ते त्यांनी एका वाक्यात ओलांडले आहेत. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजू लागते. ते भिजवावे लागते, चुन्याच्या निवळीत ठेवून केस सैल करावे लागतात, आतील मांस खरवडून काढावे लागते, चुना धुऊन घालवावा लागतो. आणि मग बाभळीची किंवा तरवडाची साल व हिरडा यांच्या काढ्यात ते मुरवावे लागते. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून, आत सालीचा काढा भरून टांगून ठेवीत; काढा हळूहळू पाझरे, तो पुन्हा वर भरीत. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते, म्हणून ते पुढे कुजत नाही. या कामास दिवस नव्हे, आठवडे लागतात. हरळय्यांच्या कथेत हे आठवडे कल्पून पाहावेत. मांडीची जखम भरून येत आहे आणि शेजारी काढा पाझरत आहे. उमाळ्याच्या भरात केलेले दान आणि इतके दिवस रोज हाताळलेले दान यांत अंतर आहे. आमच्या मते या दांपत्याची थोरवी त्या दुसऱ्या प्रकारात आहे.

परतीच्या वाटेवर मधुवरस भेटले. हे जन्माने ब्राह्मण आणि बिज्जलाच्या दरबारातील मंत्री. तो सुबक जोड पाहून त्यांना मोह झाला आणि त्यांनी तो पायांत घातला. तत्क्षणी सर्वांगाचा दाह सुरू झाला. वैद्य थकले. अखेर हरळय्यांच्या घरच्या, कातडी भिजविण्याच्या कुंडीतील पाण्याने तो दाह शमला, असे परंपरा सांगते. चमत्कारावर ज्याची त्याने श्रद्धा ठेवावी. परंतु ज्या पाण्याचा थेंब उडाला तर लोक स्नान करीत, त्याच पाण्याने मंत्र्याचा ताप उतरला, असे सांगणाऱ्या मनाने हा प्रसंग फार विचारपूर्वक रचला आहे यात शंका नाही. मधुवरसांनी पुढे शरणदीक्षा घेतली.

आता थोडे विषयांतर करतो. वाचक क्षमा करतील, कारण ते सर्वस्वी विषयांतर नव्हे. आमच्या आजोबांच्या हाताखाली नवा जोडा क्वचित होई. नित्याचे काम म्हणजे जुने सावरणे. फाटलेली मोट, उसवलेली सोंड, झिजलेल्या टाचा, वाळून कडक झालेली पखाल. विहिरीवर इंजिने आली, मोटा गेल्या, आणि वडिलांच्या पश्चात रापी, आरी व हस्ती एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकण्यात आल्या. शाळेत घरचा धंदा विचारला की आम्ही शेती सांगत असू, शेती नव्हती. परवा घरातील मुलीने जुन्या बाजारातून एक चामड्याची हातपिशवी स्वस्तात आणली. तिच्यावर बुरशी होती, कडा पांढऱ्या पडल्या होत्या. ती टाकून द्यावी की काय असे ती विचारू लागली, तेव्हा ते पोते खाली काढावे लागले. चर्मकाराच्या घरात असा प्रश्न विचारला जावा, याची खंत वाटली.

तेव्हा जे तिला सांगितले ते येथेही नोंदवितो. प्रथम वस्तू खरोखर चामड्याची आहे काय ते कापलेल्या कडेवरून पाहावे. रेक्झिनमागे कापड दिसते, आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले की त्यास उपाय नाही. कड आतपर्यंत तपकिरी असेल तर कातडे बहुधा सालीने कमावलेले. निळसर करडी असेल तर क्रोमने. आजची बहुतेक पाकिटे व हातपिशव्या क्रोमच्या असतात व त्यांवर रंगाचा थर असतो, म्हणून तेल आत न मुरता वरच राहते. बुरशी आलेली वस्तू घरात झटकू नये. नाकातोंडावर फडके बांधून बाहेर मोकळ्या हवेत मऊ ब्रशाने काढावी, शिवणीतील धूळही काढावी. नंतर सुती फडके भिजवून, घट्ट पिळून, सर्व पृष्ठभागावरून एकसारखे फिरवावे. एकाच डागावर घासल्यास पाण्याची कड उमटते. सोडा व कपड्याचा साबण वर्ज्य. त्याने कातड्यातील स्निग्धता जाते आणि सालीचे कातडे काळवंडते. तुपातेलाचा डाग असेल तर पाणी न लावता खडूची भुकटी रात्रभर दाबून ठेवावी. वाळविणे ते सावलीत. ओले कातडे उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले की आक्रसते, आणि आक्रसलेले पुन्हा पूर्ववत होत नाही.

तेलाविषयी आपल्या भागात एक चूक हमखास होते. करडईचे तेल घरात असते, म्हणून तेच चोळतात. करडईचे तेल हवेत वाळून चिकट होते. ते कढवून घट्ट केलेले तेल पाण्यात राहणाऱ्या मोटेस चांगले, पाकिटास नव्हे. पाकिटास चामड्यासाठी मिळणारे मलम बोटाच्या टोकाइतके घ्यावे, आधी आतील न दिसणाऱ्या भागावर लावून पाहावे, आणि एक रात्र जाऊ द्यावी. उसवलेली शिवण मेणवलेल्या दोऱ्याने जुन्याच छिद्रांतून घालावी. नवी छिद्रे पाडली की तेथून चामडे फाटते. इतके केल्यावर मुलीची ती पिशवी नवी झाली नाही, पण वापरण्याजोगी झाली. आता ती कोणाकडून घेतली हे सांगण्यापेक्षा कोणी नीट केली हे ती अधिक सांगते. असो.

मधुवरसांची कन्या लावण्यवती आणि हरळय्यांचा पुत्र शीलवंत यांचा विवाह ठरला. शरणांच्या दृष्टीने दोन्ही कुळे लिंगदीक्षित, म्हणून समान. स्मृतींच्या दृष्टीने हा प्रतिलोम विवाह, म्हणजे सर्वांत निंद्य. कल्याणातील सनातनी मंडळींनी बिज्जलाकडे धाव घेतली. बसवेश्वरांना मान देणारा हा राजा धर्मशास्त्राच्या आणि सिंहासनाच्या भीतीपुढे टिकला नाही. त्याने हरळय्या व मधुवरस या दोन्ही व्याह्यांचे डोळे काढविले आणि त्यांना हत्तीच्या पायी बांधून नगरातून फरफटत नेऊन मारविले. एक चर्मकार, एक ब्राह्मण. दंड मात्र एकच. तेराव्या शतकात पाल्कुरिकी सोमनाथांनी तेलुगू भाषेत रचलेल्या बसवपुराणातही दोन शरणांचे डोळे काढविल्याचे व त्यानंतर बिज्जलाचा वध झाल्याचे वृत्त येते. विवाहाची हकीकत नंतरच्या ग्रंथांत विस्ताराने आली आहे. हा काळ 1167 च्या सुमाराचा.

कल्याणात रक्तपात झाला आणि शरण दशदिशांस पांगले. बसवेश्वर कुडलसंगमास गेले, चन्नबसवेश्वर उळवीकडे. कल्याणनगरीचे वैभव त्यानंतर ओसरले ते ओसरलेच. हरळय्यांचे नाव मात्र सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे चर्मकारांच्या घरांतून टिकले. 1990 साली गिरीश कर्नाड यांनी या विवाहावर तलेदंड हे कन्नड नाटक लिहिले, तेव्हा आठशे वर्षांनंतर सुशिक्षित समाजातही या दोन व्याह्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली.

आपल्या कथा-कीर्तनांतून मात्र बहुधा मांडीच्या कातड्यापाशीच गोष्ट संपते. पुत्राच्या विवाहासाठी डोळे गमावणारे हरळय्या पुढे येत नाहीत, कल्याणम्मांचे नाव तर क्वचितच उच्चारले जाते. वास्तविक जोड दोघांचा होता. एका मांडीच्या कातड्याने एकच पाय झाकला गेला असता.

ज्या कुटुंबांना कल्याणास जाण्याची इच्छा असेल त्यांनी लातूरहून औसा-उमरगा मार्गे सोलापूर-हैदराबाद महामार्गास लागावे आणि सस्तापूर बंगला येथे वळावे. तेथून गाव अगदी जवळ आहे. नांदेडकरांस देगलूर, उदगीर व भालकीवरून जाता येईल. गावात बसवेश्वरांचे मंदिर, परुष कट्टा, अक्कनागम्मांची गुहा व मडिवाळ माचिदेवांचे कुंड ही स्थळे कोणीही दाखवील. हरळय्यांचे स्थान विचारावे लागेल; ते समगार हरळय्या असे पूर्ण नाव घेऊन विचारावे.