राघोबादादा नेमके कोणाचे?

होस्टेलवर कोणी गाव विचारलं की मी पुणतांबा सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला : म्हणजे शिर्डीजवळ ना? हो, शिर्डीजवळ. चांगदेवांची समाधी असलेलं, गोदावरीकाठचं आमचं गाव. याच नदीच्या वरच्या अंगाला कोपरगाव आहे. तिथे एका मोठ्या माणसाच्या वणवणीचा शेवट झाला, हे मात्र आमच्याकडच्याही बऱ्याच पोरांना माहीत नसतं. तो माणूस म्हणजे रघुनाथराव पेशवे, आपले राघोबादादा.

दादांचा जन्म १७३४ चा, पहिल्या बाजीरावांच्या घरातला. १७५८ साली मराठी फौजा लाहोरात शिरल्या त्या त्यांच्याच नेतृत्वाखाली. पण पेशवाईची हाव सुटली नाही. पुतण्या माधवराव यांच्याशी लढाई झाली, हार झाली, शनिवारवाड्यात कैद झाली. ३० ऑगस्ट १७७३ ला दुसरा पुतण्या नारायणराव यांचा खून झाला आणि दादा पेशवे बनले. रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरवलं. बारभाईंनी कारभार हातात घेतला, १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादांना पळावं लागलं. ते गेले इंग्रजांच्या आश्रयाला.

आता खरी गंमत. इंग्रज म्हणजे नेमके कोणते? मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सुरतेला दादांशी तह केला. फौज देऊ, बदल्यात साष्टी आणि वसई द्या. पण १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह यांवर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलची देखरेख आली होती. कलकत्त्याने मुंबईचा तह रद्द केला, कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह केला. त्यात ठरलं की दादांनी महिना २५,००० रुपये घेऊन कोपरगावला राहावं. तेवढ्यात लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सुरतेचा तहच पसंत असल्याचं कळवलं! एकच कंपनी, तीन ऑफिसं, आणि फाईल एकाची दुसऱ्याकडे.

दादांनी कोपरगाव नाकारलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते तारापूरहून इंग्रजांच्या जहाजाने मुंबईला पोचले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले आणि दादा महादजी शिंद्यांच्या हाती गेले. झाशीकडे नेत असताना ते वाटेत निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे सुरतेला. शेवटी १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी दादांचा पाठिंबा सोडला आणि साष्टी मात्र ठेवली. दादांच्या वाट्याला पुन्हा तेच महिना २५,००० आणि तेच कोपरगाव. सहा वर्षांपूर्वी नाकारलेलंच पदरात पडलं. डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचं निधन झालं. धाकटे चिमाजी अप्पा तर वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मले.

हे सगळं आज का आठवलं? युरोपातल्या देशांनी १९९० साली डब्लिनला एक करार केला. आश्रय मागायला आलेल्या माणसाचा अर्ज कोणत्या एका देशाने तपासायचा, याचे त्यात नियम घातले. आधी जवळचे नातेवाईक कुठे आहेत ते बघायचं, मग व्हिसा कोणी दिला ते, आणि काहीच नसेल तर माणूस पहिल्यांदा कुठल्या देशातून आत शिरला ते. त्यामुळे ग्रीस, इटलीसारख्या कडेच्या देशांवर बोजा पडतो, म्हणून भांडणंही खूप झाली. पण निदान नियम लिहिलेला आहे, आणि अर्ज कोणीतरी एकाने तपासलाच पाहिजे हे त्यात मान्य आहे.

दादांच्या वेळी तसं काही नव्हतं. दादा काही बिचारे नव्हते. खुनाचा ठपका असलेला, सत्तेसाठी परक्याला घरात घेणारा माणूस तो. अशाला आश्रय द्यावा की देऊ नये, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण तो प्रश्न मुंबई, कलकत्ता, लंडन यांपैकी कोणी विचारलाच नाही. प्रत्येकाने विचारलं ते एवढंच, की या माणसाच्या बदल्यात आपल्याला काय मिळेल. त्या हिशेबात सात वर्षं लढाई चालली आणि त्यात मेले ते साधे शिपाई, त्यांनी कुठलाच अर्ज केला नव्हता.

सुट्टीत गावी गेलो की मी घाटावर बसतो. समोरचं पाणी कोपरगावावरून आलेलं असतं. तुम्ही शिर्डीला आलात तर थोडं पुढे कोपरगावलाही जाऊन या. आणि पुणतांब्याला उतरलात तर चहा माझ्याकडे.